शेतातली आणि बांधावरची काटेरी झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाटणीत पडीक तुकडा आला, नवं रान घेतलं, किंवा गावाकडच्या जमिनीकडे बरीच वर्षं कोणी फिरकलं नाही, की पहिली गाठ काट्यांशी पडते. मग जेसीबी येतो आणि संध्याकाळपर्यंत सगळं सपाट होतं. त्यात वेडी बाभूळ जाते आणि तिच्यासोबत हिवर, बोर, हिंगणबेट, कधीकधी खैरसुद्धा जातो. वेडी बाभूळ वर्षभरात पुन्हा डोकं वर काढते. बाकीच्यांना त्याच जागी उभं राहायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून आधी झाड ओळखा, कोयता नंतर उचला. खालचे प्रश्न मुख्यतः देशावरचे, मराठवाड्यातले आणि विदर्भातले आहेत. कोकणाचा उल्लेख जिथे वेगळं काही सांगायचं आहे तिथे केला आहे.

आमच्याकडे काटा असलेल्या प्रत्येक झाडाला बाभूळच म्हणतात. वेगळी ओळखायची कशी?

तीन गोष्टी बघा: काटा कुठून निघालाय, पान कसं आहे, शेंग किंवा फळ कसं आहे. फुलं वर्षातून थोडे दिवसच असतात, त्यामुळे त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

काट्यापासून सुरुवात करा. पानाच्या देठाशी दोन्ही बाजूंना जोडीनं काटे असतील तर झाड बाभूळ, हिवर, बोर किंवा विलायती चिंच यांपैकी असण्याची शक्यता जास्त. पानाच्या बगलेतून एकच जाड, लांब, हिरवा काटा निघाला असेल तर हिंगणबेट. काटा अंगठ्यानं बाजूला दाबल्यावर सालीसकट सुटून येत असेल, तर तो सालीचाच काटा असतो. असे काटे सावर, पांगारा, शमी आणि कोकणातल्या तिरफळाला असतात. फांदीतून निघालेला काटा असा सुटत नाही, तो मोडावा लागतो.

गावठी बाभूळ आणि वेडी बाभूळ यांत फरक काय?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि नुकसानही याच गोंधळानं होतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेंग मिळाली तर प्रश्नच मिटतो. गावठी बाभळीची शेंग करड्या रंगाची, मऊ लव असलेली, आणि प्रत्येक दाण्यानंतर आवळलेली असते. ओवलेल्या माळेसारखी दिसते. वेडीची शेंग पिवळी, गुळगुळीत, गरानं भरलेली, सरळ किंवा किंचित वाकलेली असते आणि चवीला गोड लागते. पिकली की झाडाखाली तिचा सडा पडतो.

फूल असेल तर तेही स्पष्ट सांगतं. गावठी बाभळीला पावसाळ्यात पिवळ्याधमक गोंड्यांसारखी गोल फुलं येतात. वेडीचं फूल गोल नसतं. बोटाएवढा लांब, फिकट पिवळसर-हिरवा तुरा लोंबतो.

फूल आणि शेंग दोन्ही नसेल तर एक पान तोडून तळहातावर ठेवा. वेडीच्या पानाला बहुधा एकाच जोडीच्या दोन काड्या असतात, त्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या फाकतात, आणि त्यांवर लांबट, हिरव्यागार पानुल्या असतात. क्वचित दोन जोड्याही असतात. गावठी बाभळीच्या पानाला काड्यांच्या तीन ते आठ जोड्या असतात आणि पानुल्या अगदी बारीक. ही खूण वीतभर रोपावरही चालते, त्यामुळे खुरपणी करतानाच निवड करता येते.

खोड आणि ठेवण यांतही फरक आहे. गावठी बाभळीची साल काळपट, खोल चिरा पडलेली. झाड एका बुंध्यावर उभं राहतं. तिचाच एक प्रकार रामकाठी, फांद्या वर आवळून उभी वाढणारी. वेडी बहुतेक वेळा जमिनीपासूनच अनेक फांद्या फोडते, फांद्या बाहेर झुकतात, आणि उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं असताना ती हिरवीगार असते.

आणखी एक खात्रीची पारख: डहाळी शेळीपुढे धरा. गावठी बाभळीचा पाला शेळी काट्यांतून ओठ घालून खाते. वेडीचा हिरवा पाला ती हुंगून सोडते. शेंगा मात्र आवडीनं खाते. पुढे उपद्रव वाढतो तो या शेंगांमुळेच.

हिवर आणि खैर कसे ओळखायचे?

हिवर ओळखणं सोपं आहे: साल पांढरट-पिवळसर, लांबून उठून दिसणारी. पावसाळ्याच्या उत्तरार्धात फांद्यांच्या टोकांना फिकट पिवळ्या, साईच्या रंगाच्या बारीक गोंड्यांचे मोठे झुपके येतात आणि सगळं झाड झाकून जातं. काटे सरळ, जोडीनं. माळावर धनगर आणि मेंढरं दुपारी ज्याच्या सावलीत बसतात ते झाड पुष्कळदा हिवरच असतं. कृपा करून ते ठेवा. उथळ, मुरमाड जमिनीत सावली धरणारी झाडं फार थोडी आहेत.

खैराचे काटे सरळ नसतात, मांजराच्या नखासारखे मागे वळलेले, देठाखाली जोडीनं. सदरा अडकला की पुढे ओढून सुटत नाही, मागे यावं लागतं. पानाला दहापासून तिसाच्या वर काड्यांच्या जोड्या आणि पानुल्या पिसासारख्या बारीक. फुलांचे तुरे लांबट, फिके. शेंग पातळ, चपटी, तपकिरी, चकचकीत. जुनी साल ढलप्यांनी सुटते आणि आतला गाभा लालसर असतो. याच गाभ्याचे तुकडे उकळून विड्याचा कात करतात. खैर तोडण्याला कायद्याची अडचण आहे, ती पुढे सांगितली आहे.

दसऱ्याला पूजतो ती शमी आमच्या बांधावर आहे असं सगळे म्हणतात. खरंच ती शमी असते का?

पुष्कळदा ती वेडी बाभूळ निघते. दोघींचं कूळ जवळचं, पानाची ठेवणही थोडी मिळती. शमीचे काटे आखूड, बुडाशी रुंद, आणि पानं फुटतात त्या गाठींच्या मधल्या भागावर इकडेतिकडे विखुरलेले असतात. वेडीचे काटे लांब, सरळ आणि गाठीवरच असतात. शमीचा पाला राखाडी छटेचा आणि काड्यांच्या बहुधा दोन जोड्या. तिची शेंग बारीक, दोरीसारखी लोंबणारी. खरी शमी निघाली तर तिला हात लावू नका, महाराष्ट्रात ती मुळातच कमी आहे. आणि ज्याची पानं सोनं म्हणून वाटतो तो आपटा, त्याला काटे नसतात.

बाकी कोणती काटेरी झाडं नेहमी दिसतात?

हिंगणबेट: एका देठावर दोनच पानुल्या, हिरवे टणक काटे, अंड्याच्या आकाराचं फळ. फळाच्या गराला फेस येतो, पूर्वी कपडे धुवायला वापरायचे. काळ्या जमिनीच्या बांधांवर आणि पांदीच्या कडेला भरपूर. ट्रॅक्टरवाल्यांचा सगळ्यात जास्त राग यावर.

विलायती चिंच: पानात चारच पानुल्या, वळ्यावळ्यांची शेंग, आत गुलाबी-पांढरा गर. देवबाभूळ: झुडूपवजा, सुवासिक पिवळी गोल फुलं, शेंग जाड आणि गोलसर. गेळा: समोरासमोर जाड काटे, छोट्या पेरूसारखं पिवळं फळ. सावरीच्या कोवळ्या खोडावर शंकूसारखे काटे असतात, झाड म्हातारं होतं तसे ते बोथट होत जातात. काही वर्षं सांभाळून घेतलं तर पुढे त्रास नाही. पांगाऱ्याला तीन पानांचा गट आणि काळे बारीक काटे. सुबाभळीला काटेच नसतात, नावात बाभूळ आहे एवढंच.

वेडी बाभळीवर एवढा राग कशासाठी? जळण तर तिचंच मिळतं.

जळण उत्तम मिळतं, कोळसाही चांगला होतो, आणि ज्या घरात गॅस परवडत नाही तिथे तिनं चुली पेटत्या ठेवल्या आहेत. हे नाकारायचं कारण नाही. पण ती मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात आणली गेली, आणि नंतर ओसाड जमीन हिरवी करायची म्हणून ठिकठिकाणी मुद्दाम लावली. गुजरातमध्ये कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात १९६० च्या दशकात ती लावली आणि तिनं जनावरांची कुरणंच गिळली. तमिळनाडूत ती इतकी माजली की २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाला ती काढण्याचे आदेश द्यावे लागले.

आपल्या गावात काय होतं ते बघा. गाईगुरं, शेळ्या गोड शेंगा खातात. बी पोटातून अख्खं बाहेर पडतं, तेही शेणाच्या खतासकट. गायरान, ओढ्याचा काठ, तलावाचं पोट, पडीक वावर, जिथे जनावर फिरतं तिथे ती उगवते. दाट वाढली की खाली गवत येत नाही. मग चराई कमी होते, जनावरं आणखी शेंगांवर जगतात, आणि बी आणखी पसरतं. नुसत्या शेंगाच जास्त खाल्ल्या तर गुरांना जबडा आणि जीभ नीट हलवता न येण्याचा आजारही होतो.

वेडी बाभूळ कायमची काढायची कशी? दर वर्षी तोडतो, दर वर्षी फुटते.

तोडल्यामुळेच ती फुटते. तिचे डोळे जमिनीच्या थोडं खाली, बुंधा आणि मूळ जिथे जुळतात त्या गड्ड्यात असतात. वरून कापलं की एका खोडाच्या जागी दहा फुटवे येतात आणि पुढच्या वर्षी काम दहापट होतं. जाळलं तरी तेच. त्यामुळे नियम एकच: गड्डा बाहेर आला पाहिजे. मूळ किती खोल गेलंय याची चिंता करू नका. जमिनीखाली साधारण एक फूट खणून त्या ठिकाणी मूळ तोडलं आणि वरचा सगळा गड्डा उपटला, तर खालचं मूळ पुन्हा फुटत नाही.

वेळ निवडा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर जमीन मऊ होते तेव्हा रोपटी हातानं किंवा पहारीनं सहज निघतात. गुडघ्याएवढ्या रोपाचं मूळही तोपर्यंत चांगलंच खाली गेलेलं असतं, म्हणून ओढण्याआधी बाजूची माती कुदळीनं सैल करा. मोठी झाडं मात्र शेंगा पिकून गळायच्या आत, म्हणजे उन्हाळा चढण्याआधीच काढावीत. शेंगांनी लगडलेलं झाड पाडून रानभर ओढत नेलं तर आपणच पेरणी केल्यासारखं होतं.

पद्धत अशी. आधी पूर्ण रानात फिरून जी झाडं ठेवायची आहेत त्यांना चुन्याचा पट्टा मारा किंवा रंगीत चिंधी बांधा. जेसीबीवाल्याला तासाचे पैसे मिळतात, झाडांची ओळख त्याच्याकडून अपेक्षित धरू नका. खूण तुम्हीच करायची. मग वेडीच्या बाहेरच्या फांद्या छाटून बुंध्यापर्यंत वाट करा. हातात लांब दांड्याचा कोयता, दुसऱ्या हातात दुबेळकं, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेली काठी. फांदी हातानं ओढू नका, दुबेळक्यानं रेटा किंवा आकडीनं ओढा. पायात जाड तळाचे बूट हवेत, चपला आणि रबरी स्लीपर यातून काटा आरपार जातो. डोळ्यांवर साधा चष्मा तरी असू द्या, कारण ताणलेली फांदी सुटली की सरळ तोंडावर येते. बुंधा मोकळा झाला की भोवती खणून गड्डा काढा. झाडं खूप असतील तर जेसीबीनं मुळासकट उपटणं स्वस्त पडतं, पण बकेटनं खोड मोडून गड्डा आतच ठेवला जात नाही ना, हे स्वतः उभं राहून बघा.

पुढची तीन-चार वर्षं खरं काम असतं. बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. दर पावसाळ्यात एक फेरी, आणि दिवाळीच्या सुमारास दुसरी, एवढं चुकवलं नाही तर रान ताब्यात राहतं. शेंगांच्या दिवसांत बाहेर चरून आलेली जनावरं साफ केलेल्या तुकड्यात बसवू नका.

शेंगा वाया घालवायच्या नसतील तर गोळा करून, वाळवून, बीसकट दळा आणि इतर चाऱ्यात थोड्या प्रमाणात मिसळा. दळलं की बी मरतं, प्रसार थांबतो.

बुडाशी मीठ, डिझेल, ॲसिड किंवा तणनाशक टाकलं तर चालेल का?

मीठ आणि ॲसिड माती मारतात. झाड मात्र बऱ्याचदा बाजूनं फुटतंच. डिझेल विहिरीच्या आणि ओढ्याच्या आसपास तर अजिबात नको. ग्लायफोसेटवर केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये निर्बंध घातले. त्या आदेशानुसार ते फक्त कीड नियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरायचं आहे, त्यामुळे दुकानदारानं दिलं म्हणून फवारू नका. कुठलंही रसायन वापरायचंच असेल तर कृषी विज्ञान केंद्रात जाऊन लेबलवरच्या वापराबद्दल विचारा. कुदळ जास्त भरवशाची आहे.

साफ केलेली जागा मोकळी ठेवायची का?

मोकळी ठेवलीत तर वेडीच पहिली येईल. तिला ऊन लागतं, दाट सावलीत तिची रोपं तग धरत नाहीत. चराऊ तुकडा असेल तर मारवेल, पवना यांसारखी गवतं बसवा आणि पहिली दोन वर्षं चराई बंद ठेवा. झाडंच हवी असतील तर कडुलिंब, करंज, बोर, गावठी बाभूळ. मात्र तुमचा तुकडा मुळात गवताचा माळ असेल तर त्यावर झाडांची गर्दी करू नका. सोलापूर, नगर, पुण्याच्या पूर्वेकडचे माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे. लांडगा, काळवीट, चंडोल, धाविक यांचं ते घर आहे. तिथे तुरळक हिवर-बोर आणि बाकी गवत असणं हेच निरोगी रूप.

बांधावरची गावठी बाभूळ पीक दाबते. तोडू का?

तोडण्याआधी छाटून बघा. बाभळीची सावली विरळ असते आणि खालच्या, आत येणाऱ्या फांद्या खरिपाच्या आधी दर वर्षी उतरवल्या तर पिकाला पुरेसं ऊन मिळतं. ही द्विदल कुळातली, मुळांवरच्या गाठींतून नत्र धरणारी झाडं आहेत. छत्तीसगडात भाताच्या बांधांवर शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बाभूळ मुद्दाम राखतात, तेही भाताचं उत्पन्न घेत. छाटलेला पाला शेळ्यांना, काटक्या चुलीला, जाड लाकूड औजारांना. औत, वखर, बैलगाडीची चाकं यांना बाभळीचं लाकूड पूर्वीपासून वापरतात, ते त्याच्या कणखरपणामुळे.

बुंध्यालगतच्या दोन-चार ओळींत पीक कमी येतं हे खरं. ते झाडाचं भाडं समजा. बांधावर दर दहा फुटाला बाभूळ उभी असेल तर मात्र एकाआड एक निवडून विरळणी करा आणि सरळ, एका बुंध्याची झाडं राखा.

गावठी बोरी फार आहेत, काटे टोचतात, बोरं आंबट. काढून टाकू?

बोरी म्हणजे तयार मुळं आहेत, त्यांच्यावर डोळा भरा, म्हणजे चांगल्या जातीचा डोळा त्यांच्या सालीत बसवा! गावठी बोरीचं मूळ खडकाळ रानात खोल गेलेलं असतं, असं मूळ नर्सरीतल्या रोपाला मिळायला वर्षं लागतात. एप्रिल-मे मध्ये बोर जमिनीपासून दोन-तीन फुटांवर कापा. पावसाच्या तोंडावर जोमदार फुटवे येतात, त्यातले दोन-तीन सरळ ठेवून बाकी काढा. पेन्सिलएवढे जाड झाले की जून-जुलैत त्यांवर उमराण, कडाका, मेहरूण यांसारख्या जातीचा डोळा बांधा. गावात डोळा भरणारा माणूस बहुतेक मिळतोच. डोळ्याच्या खालून येणारे गावठी फुटवे मात्र नेटानं मोडत राहावे लागतात, नाहीतर दोन वर्षांत झाड पुन्हा गावठी होतं.

बोर ओळखायची खूण राहिली: पानाची खालची बाजू पांढरट लवेची, बुडापासून तीन शिरा, आणि काट्यांच्या जोडीत पुष्कळदा एक सरळ, एक वाकडा.

स्वतःच्या जमिनीतलं झाड तोडायला परवानगी लागते का?

झाडावर आणि गावावर अवलंबून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर खातेदाराचा हक्क असतो. पण १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात काही झाडांची अनुसूची आहे. साग, चंदन, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, हिरडा, अंजन, ऐन वगैरे. काटेरी झाडांपैकी त्यात महत्त्वाचा खैर. ही झाडं स्वतःच्या सातबाऱ्यावरची असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात सातबारा, नकाशा आणि झाडांची संख्या घेऊन जा, पुढची दिशा तिथे मिळते. कोकणात कातासाठी खैराला मागणी असल्यामुळे चोरटी तोड होते. तुमच्या रानातून कोणी परस्पर खैर नेला तर गप्प बसू नका. तक्रार नसेल तर चौकशीत प्रश्न तुम्हालाच विचारले जातील.

गाव नगरपंचायत किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत गेलं असेल तर १९७५ चा नागरी क्षेत्रांचा वृक्षसंरक्षण कायदा लागतो आणि मग बाभळीलाही परवानगी घ्यावी लागते. सातबाऱ्यावर खाजगी वनाचा शेरा असेल तर काहीही करण्याआधी वनविभागात जा. गायरानातलं, ओढ्यातलं, रस्त्याकडेचं झाड तुमचं नाही, वेडी असली तरी. ते काम ग्रामसभेत ठराव करून, संबंधित खात्याला कळवून करायचं असतं.

लाकूड गाडीत भरण्याआधी वाहतूक पासबद्दल विचारून घ्या. सगळ्या जातींना एकच नियम नाही आणि नाक्यावर अडकल्यावर समजून उपयोग नसतो.

शेजाऱ्याच्या बांधावरची काटेरी फांदी आमच्या रानात आली आहे.

आधी बोला. सामाईक बांधावरचं झाड दोघांचं, तेव्हा दोघांच्या संमतीशिवाय तोडू नका. हद्दीबद्दलच वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या. झाडाचं भांडण बहुतेक वेळा बांधाचंच भांडण असतं.

काटा पायात मोडला तर काय करायचं?

साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. टोक वर दिसत असेल तर उकळलेल्या चिमट्यानं, ज्या दिशेनं गेला त्याच दिशेनं मागे ओढा. दिसत नसेल तर सुईनं कोरत बसू नका, काटा आणखी खोल जातो आणि जखम पिकते. शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांपेक्षा जुनं असेल, किंवा कधी घेतलं ते आठवत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन घ्या. शेणामातीतला काटा असेल तर याला पर्याय नाही.

काटा आत राहिला तर पुढे कुरूप होतं आणि चालणं मुश्कील होतं. काट्याचा तुकडा साध्या एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे कोरा आला तरी दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरांना सोनोग्राफीबद्दल विचारा. बोटाच्या किंवा गुडघ्याच्या सांध्याजवळ काटा घुसून सूज आली, लाल रेघ वर चढली, ताप आला, किंवा माणसाला मधुमेह असेल, तर घरी वाट बघू नका. डोळ्याला लागलं तर चोळू नका, पाणी मारत बसू नका, थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

बिब्बा लावू नका. त्यानं कातडी भाजते आणि जखम मोठी होते. रुईचा चीक लावायची पद्धतही खूप ठिकाणी आहे. तो चीक चुकून डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. शेतात राबणाऱ्या माणसाचा पाय हीच त्याची मजुरी असते, म्हणून हे इतकं लांबवलं.

ट्रॅक्टरचं आणि मोटारसायकलचं टायर सारखं पंक्चर होतं.

साफसफाईनंतर पहिल्या नांगरटीआधी काटेरी काटक्या वेचून एका जागी रचा. वेडीचे आणि हिंगणबेटाचे वाळलेले काटे महिनोन्‌महिने टणक राहतात. ढीग शेताच्या वाटेवर करू नका. पेटवायचा असेल तर वारा नसताना, भोवतीचं गवत खरडून, जवळ पाणी ठेवून, आणि वणव्याच्या दिवसांत डोंगरालगतच्या रानात तर मुळीच नको. त्यापेक्षा तेच काटे बंधाऱ्याकडेच्या घळीत आडवे अंथरून वर दगड ठेवले तर पावसात माती अडते.

रानडुकरं आणि मोकाट गुरं येतात. काट्याचंच जिवंत कुंपण करता येईल का?

येईल, आणि तारेपेक्षा ते जास्त टिकतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर करवंद सगळ्यात चांगलं. मे-जूनमध्ये पिकल्या करवंदांचं बी ताजंच पिशव्यांत पेरा, ठेवलेलं बी उगवत नाही. रोपं पुढच्या पावसाळ्यात दोन ओळींत, एकाआड एक, दीड-दोन फुटांवर लावा. देशावर करवंदासोबत सागरगोटा, विलायती चिंच, घायपात. चिल्हार फार मजबूत आहे, पण दर वर्षी छाटला नाही तर शेतात घुसतो. वेळ देता येणार नसेल तर लावू नका. कुंपण बुडापासून दाट हवं असेल तर रोपं कमरेएवढी झाल्यावर शेंडे खुडा, मनावर दगड ठेवून खुडा. उंच वाढलेलं आणि खाली उघडं कुंपण रानडुकराला दरवाजासारखंच असतं.

तयार व्हायला तीन-चार वर्षं लागतात. तोवर वाळक्या काट्यांची वई घालावी लागेल. तारेत वीज सोडण्याचा विचारही करू नका. माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे.

पक्ष्यांसाठी एखादं काटेरी झाड ठेवायचं तर कोणतं?

विहिरीवर किंवा ओढ्यावर झुकलेली गावठी बाभूळ. सुगरण अशाच फांद्यांच्या टोकांना घरटी बांधते, कारण खाली पाणी आणि भोवती काटे असल्यामुळे साप सहज पोचत नाही. दुसरं, माळाच्या कडेची बोर किंवा हिवर. खाटीक पक्षी पकडलेले नाकतोडे आणि सरडे काट्यावर खोचून ठेवतो आणि सवडीनं खातो. पिकावरचे किडे कमी करणारा हा फुकटचा गडी आहे. घरट्यांच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्यात, या झाडांची छाटणी टाळा.

विजेच्या तारेखालचं झाड आम्हीच छाटलं तर?

नको. लाइनमनला कळवा, पुरवठा बंद करून घ्या, मगच कोयता चालवा. ओली फांदी आणि लोखंडी आकडी दोन्हीतून वीज उतरते.

बाभळीचा डिंक खाता येतो का?

गावठी बाभळीचा येतो. उन्हाळ्यात सालीतून पाझरून सुकलेले, फिकट पिवळे ते तांबूस, स्वच्छ खडे घ्या. साल चिकटलेले आणि काळे पडलेले बाजूला काढा. नीट वाळवून, तुपात फुलवून लाडवाला वापरा. डिंकासाठी खोडाला गोल घाव घालू नका, चहूबाजूंनी साल गेली की झाड वाळतं. एका बाजूला उथळ, बोटभर रुंद खाच पुरते, आणि पुढच्या वर्षी ती दुसऱ्या बाजूला घ्यायची.